यूजेन आत्जे याचें पॅरिसचें दफ्तर

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम कागद येतो : पत्र, सनद, महजर, हिशेबाची यादी. छायाचित्र हेंहि साधनच होय. परंतु कागदास जी कसोटी आपण लावतों, ती छायाचित्रास क्वचितच लावली जाते. जें दिसतें तें खरें, असा सामान्य समज आहे. हा समज कितपत टिकतो हें पाहण्यास यूजेन आत्जे याचें पॅरिस शहरांतील तीसपस्तीस वर्षांचें काम फार उपयोगी आहे. रस्तोरस्तीं हिंडून चित्रें घेणारा हा मनुष्य स्वतःस कलावंत म्हणवीत नसे. कलावंतांस आधाराचीं साधनें पुरविणारा, अशा अर्थाची पाटी त्यानें आपल्या दारावर लाविली होती.

आत्जे याचा जन्म १८५७ सालीं बोर्दो शहराजवळील लिबूर्न गांवीं झाला. आईबाप लहानपणींच वारल्यामुळें आजीआजोबांनीं त्यास वाढविलें. तरुणपणीं त्यानें व्यापारी जहाजावर नोकरी केली. १८७९ सालीं पॅरिसच्या नाट्यविद्यालयांत त्याचा प्रवेश झाला. परंतु लष्करी चाकरीमुळें अभ्यासास वेळ न मिळून १८८१ सालीं तें विद्यालय सुटलें. पुढें कित्येक वर्षें तो फिरत्या नाटकमंडळ्यांतून दुय्यम भूमिका करी. घशाच्या विकारानें तोहि धंदा संपला. १८९० च्या सुमारास त्यानें पॅरिसमध्यें बिऱ्हाड करून कॅमेरा हातीं घेतला, तो पोटासाठीं. चित्रकार, रंगभूमीचे पडदे रंगविणारे, घरें सजविणारे, कारागीर यांस झाड, दरवाजा, जिना, लोखंडी जाळी अशा वस्तूंचीं चित्रें नमुन्यादाखल लागत. तीं पुरविणें हा त्याचा व्यवसाय झाला.

त्याचें सामान जड होतें. लांकडी पेटीचा घडीचा कॅमेरा, तिवई, आणि १८ × २४ सेंटिमीटर आकाराच्या कांचा एवढें ओझें वाहून तो बहुधा पहांटेस निघे. कांचेवर प्रकाश बराच वेळ पडूं द्यावा लागे; म्हणून चालता मनुष्य धुरकट उमटतो, किंवा मुळींच उमटत नाहीं. तेव्हां त्याच्या चित्रांतील ओस गल्ली प्रत्यक्षांत ओस होती, असें अनुमान करणें धोक्याचें आहे. उंच इमारतीचा माथा साधावा म्हणून तो भिंग वर सरकवी. त्यामुळें कित्येक चित्रांचे वरचे कोपरे काळे पडले आहेत. छाप काढतांना कांच व कागद एका चौकटींत दाबून तो उन्हांत ठेवी, आणि चित्र उमटल्यावर सोन्याच्या क्षारानें त्याचा रंग पालटून मग तें पक्कें करी. सुधारलेलीं हलकीं यंत्रें बाजारांत आल्यावरहि त्यानें ही रीत सोडली नाहीं.

१८५३ ते १८७० या काळांत ओसमान या अधिकाऱ्यानें जुनें पॅरिस पाडून रुंद रस्ते काढले होते. उरलेल्या भागाची काळजी वाहण्यासाठीं १८९७ सालीं शहरानें एक समिति नेमिली. याच सुमारास आत्जे जुन्या पॅरिसकडे पद्धतशीरपणें वळला. कार्नावाले संग्रहालय, शहराचें ऐतिहासिक ग्रंथालय व राष्ट्रीय ग्रंथालय हीं त्याचीं मोठीं गिऱ्हाइकें बनलीं. वाड्यांचे जिने, दारांचे ठोके, दुकानांच्या पाट्या यांबरोबर त्यानें रस्त्यावरील धंदेवाल्यांचींहि चित्रें घेतलीं : चिंध्या वेंचणारा, दिव्यांच्या झांकण्या विकणारा, हातानें फिरविण्याचा बाजा वाजविणारा. शहराच्या तटाबाहेर खोपटांत राहणाऱ्या लोकांची चित्रमालिका त्यानें १९१३ सालीं सिद्ध केली. तो तट १९१९ पासून पाडला गेला, आणि शहरांतून वाहणारी बिएव्र नदी तत्पूर्वींच जमिनीखालीं गाडली गेली होती. या स्थळांचें रूप ठरविण्यास आज त्याच्या कांचा हा मोठा आधार होय.

परंतु त्या कांचा वाचाव्या कशा? आत्जे प्रत्येक कांचेवर अंक कोरी व छापाच्या पाठीवर स्थळाचें नांव लिही. साल मात्र बहुधा लिहीत नसे. शिवाय अंकांची मालिका एक नव्हती. निरनिराळ्या विषयांच्या निरनिराळ्या मालिका असल्यामुळें तोच अंक दोन ठिकाणीं येई. मारिया मॉरिस हॅम्बर्ग या विदुषीनें या मालिका वेगळ्या केल्या, तेव्हां कोठें बहुतेक चित्रांचा काळ ठरला. सालाविना असलेलीं पत्रें ज्यानें कालक्रमानें लाविलीं असतील, त्यास या श्रमाचें मोल सांगावयास नको.

पाठीवरील नांवहि नेहमीं विश्वसनीय नसे. १९१० सालच्या ‘पॅरिसमधील घरांचे अंतर्भाग’ या संग्रहांत वाव्हँ रस्त्यावरील एका नटाचें घर म्हणून जी खोली दाखविली आहे, ती आत्जे याची स्वतःचीच, असें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें. खोली अस्सल, शेरा बनावट, असा हा प्रकार आहे. याच्या उलट प्रकार १९२६ सालीं घडला. १९१२ च्या एप्रिलांतील सूर्यग्रहण पाहणाऱ्या लोकांचें त्यानें घेतलेलें चित्र अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर दुसऱ्याच मथळ्याखालीं छापलें गेलें. त्यावर आत्जे याचें नांव नाहीं, कारण तें घालूं नये असें त्यानेंच सांगितलें होतें. हीं केवळ साधनें आहेत, असें त्याचें म्हणणें होतें.

१९१४ च्या महायुद्धांत काम जवळजवळ थांबलें. १९२० सालीं त्यानें ललितकला खात्याचे प्रमुख पॉल लेऑं यांस पत्र लिहून, संग्रहाची पुढें काय वाट लागेल याची चिंता कळविली, आणि २६२१ कांचा १०,००० फ्रँकांस सरकारास विकल्या. आपल्या पश्चात् महत्त्व न जाणणाऱ्याच्या हातीं संग्रह पडेल, ही भीति कोणत्या संग्राहकास वाटत नाहीं? १९२७ च्या ऑगस्टांत तो वारला. त्याच्याजवळ उरलेला संग्रह १९२८ सालीं बेरेनिस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनीं विकत घेऊन चाळीस वर्षें जतन केला. १९६८ सालीं तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत गेला.

तात्पर्य, आत्जे याचें दफ्तर वाचलें तें खरेदीमुळें. पण तें बोलूं लागलें तें अंकांमुळें. खोटा शेरा उघडकीस आला, तोहि शेरा आणि इतर चित्रें शेजारीं ठेवून पाहतां आलीं म्हणूनच. आपल्याकडे जुन्या घराण्यांतून छायाचित्रें मिळतात, तेव्हां चेहरा ओळखीचा तेवढें चित्र ठेवून बाकीचीं टाकण्याची, किंवा पुठ्ठा कापून नव्या चौकटींत बसविण्याची चाल आहे. रुमालांतून एक सुंदर पत्र काढून घेऊन रुमाल विस्कटून टाकण्यासारखेंच हें होय. पुठ्ठा, पाठीवरील अक्षर, अंक आणि शेजारचीं चित्रें यांसह जें जतन होईल तेंच साधन. बाकीची ती शोभा.