बासन, वेखंड आणि कसर

या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षाची इतिवृत्तवही शोधून काढण्यात आली, तेव्हा तिच्या पानांतून दोन चंदेरी किडे निसटून कपाटाच्या फटीत दिसेनासे झाले. वही सापडल्याचा आनंद फार वेळ टिकला नाही. स्थापनेच्या सभेस उपस्थित असलेल्यांच्या सह्यांचे पान खालच्या अंगाने खरवडल्यासारखे झाले होते आणि शेवटच्या तीन सह्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. या किड्याला आपण कसर म्हणतो. हिशेबातील उणिवेलाही कसरच म्हणतो. हे दोन्ही शब्द एकाच कुळातले की नाहीत, ते भाषापंडितांनी ठरवावे. त्या पानापुरते तरी ते एकच ठरले.

कसर मोठी पुरातन. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या या रुपेरी ग्रंथकीटकाचे चित्र आणि वर्णन दिले आहे. पुढे १७५८ मध्ये लिनियसने तिच्या एका जातीला 'लेपिस्मा सॅकरिना' असे नाव दिले. त्यातील दुसरे पद साखरेवरून आलेले आहे आणि ते सार्थ आहे, कारण साखर व पिष्ट हाच तिचा आवडता आहार. तिला पंख नाहीत, उजेड सोसत नाही, आणि दमट हवेवाचून तिचे चालत नाही. मात्र अन्नावाचून ती कित्येक महिने काढू शकते. पुस्तकातून आरपार गेलेली वाटोळी भोके ही बहुधा भुंगेऱ्यांच्या अळ्यांची करणी. कसर पानाचा पृष्ठभाग खरवडते आणि वेड्यावाकड्या कडांची खिंडारे पाडते.

आता आपल्याकडे पाहू. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरास जो हातकागद होत असे, त्याला खळ लावून तो घोटीत असत, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. ही खळ म्हणजेच पिष्ट. लेखणीची सोय तीच कसरीची मेजवानी! आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक असावे, असे त्यांच्या व्यवस्थेवरून दिसते. पोथीच्या कागदाला हरताळ देत. हा पिवळा पदार्थ सोमलाच्या जातीचा, विषारी. चुकलेल्या अक्षरावरही तोच फासून वर नवे अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. पोथीच्या वरखाली लाकडी फळ्या, त्यांवर बासन, आणि बासनाला करकचून दोरी. जुने लेखक पोथीच्या शेवटी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिचे रक्षण करा, अशी विनवणी करीत. सैल बांधणीला त्यांनी तेलापाण्याच्या पंक्तीस बसवले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. घट्ट बांधलेल्या पोथीत दमट हवा व किडा या दोघांनाही शिरकाव कठीण. आमच्या सरकारी भाषेत 'बासनात गुंडाळणे' याचा अर्थ प्रकरण मारून टाकणे असा होतो. मुळात ते जतन करण्याचे नाव होते. असो.

महाराष्ट्रापासून दूर गेलेल्या मराठी मंडळींनी ही विद्या सोबत नेली, आणि जिथे गेली तिथलीही उचलली. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय मी पाहिले आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) ते विशेष समृद्ध केले. तेथे ताडपत्रे, कागदी पोथ्या आणि मोडी दस्तऐवज यांच्या जतनासाठी वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी व दालचिनी यांची पूड कापरासह कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवण्याची जुनी रीत आहे. वेखंडाला तमिळ लोक वसंबु म्हणतात. आपल्याकडे तेच बाळाला उगाळून लावीत आणि शालूच्या घडीतही ठेवीत.

छापील पुस्तके आली आणि सारे बदलले. पुठ्ठा, कापड, पुठ्ठ्यामागची खळ, सगळेच खाद्य. जाणते बांधणावळे खळीत मोरचूद घालीत. पुढे तोही आळस झाला.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी दिलेली एक ट्रंक पाच बदल्यांत माझ्याबरोबर फिरली आणि अकरा वर्षे उघडली गेली नाही. उघडली तेव्हा पणजोबांची मोडी कागदपत्रे, जी आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाहीत, बासनात जवळपास जशीच्या तशी होती. मीच मोठ्या काळजीने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला आजीचा फोटो मात्र गेला. तिचा तेवढा एकच फोटो होता. पिशवीत ओल धरली होती. लुगड्याचे काठ शाबूत आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. माझ्या मुलींनी पणजीला कधी पाहिले नाही, आता पाहणारही नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरी पावसाळा सरला की आश्विनात ट्रंका उघडतात. कागद उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर पसरावे. कडक उन्हाने ते पिवळे पडून ठिसूळ होतात. पुस्तकांचे कपाट ओलसर भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, तळाशी रद्दी आणि खोकी साठवू नयेत. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या घरात मला पसंत नाहीत. वेखंड पुरते, पण ते दरसाल बदलले पाहिजे, हे बहुतेक जण विसरतात. आणि पुस्तक अधूनमधून उघडावे. आईची ज्ञानेश्वरी रोज हाती घेतली जात असे. तिला कसर लागल्याचे मला आठवत नाही.

त्या तीन सह्यांपैकी एक ओळखता आली आहे. एका संस्थापक सदस्यांच्या पत्नींनी, आज त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, उरलेल्या 'र'च्या शेपटीवरून ती आपल्या यजमानांची असल्याचे सांगितले. उरलेल्या दोन कोणाच्या, हे ज्यांच्या घरी त्या वर्षाची पत्रे किंवा निमंत्रणपत्रिका असतील त्यांनी कृपया कळवावे. वही आता कार्यालयात, बासनात बांधून ठेवली आहे.