विजेची दोन टोके

माझा आजा रेल्वेच्या एका शेडमध्ये कोळशाच्या पाट्या वाहत असे. शेवटपर्यंत त्याच्या थुंकीत काळे पडे, असे आजी सांगे. त्यामुळे वाफेच्या गाडीच्या आठवणीने गहिवरणाऱ्या लेखकांशी माझे कधी जमले नाही. धुराचे काव्य खिडकीत बसणाराला सुचते. पाटी वाहणाराला खोकला येतो. कोळसा जावा, वाहने विजेवर चालावीत, ऊन-वारा कामाला लागावा, हे मला मनापासून हवे आहे. म्हणूनच या बाबतीतला आपला जुना अनुभव तपासणे मला अगत्याचे वाटते.

बिनधुराची वीज मुंबईला नवी नाही. सह्याद्रीवरचे पाणी अडवून खोपोलीला तयार केलेली वीज १९१५ पासून गिरण्यांना मिळू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली. शहराने टाळ्या वाजवल्या आणि त्यात गैर काहीच नव्हते.

पण विजेला दोन टोके असतात. एक दिवा लागतो तिथे; दुसरे ती जन्मते तिथे. भीमेच्या खोऱ्यात जाणारे मुळेचे पाणी मुळशीला अडवून पश्चिमेकडे कोकणात सोडायचे ठरले, तेव्हा मावळातली गावे पाण्याखाली जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे घरोघर गेले. १९२४ मध्ये लढा संपला आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

हा इतिहास आपल्याला त्यागाची कथा म्हणून शिकवला जातो. त्याच्या पोटात आणखी एक कथा आहे. बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. सावकार आणि कुळे यांचे हितसंबंध एक नव्हते, हे राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याच्या अभ्यासात दाखवून दिले आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने भरपाई मिळे ती जमिनीत हक्क असणाराला. मग ज्याचा हक्क गावकीतल्या बलुत्याचा, खळ्यावरच्या मूठभर धान्याचा, त्याचे काय? गाव बुडाले की त्याचे बलुतेही बुडाले. त्याची किंमत ठरवणारा रकाना सरकारी कागदात नव्हता.

आता दुसऱ्या टोकाला येऊ. त्या विजेवर गिरण्यांची यंत्रे फिरत होती. पण चांगला पगार देणाऱ्या विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच्या ओठांचा स्पर्श इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. यंत्र नवे, शक्ती नवी, विटाळ मात्र जुनाच. तंत्र बदलले की समाज आपोआप बदलतो, असे मानणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर काय द्यावे?

मग बाबासाहेबांनी विजेला विरोध केला काय? मुळीच नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी वीज आणि पाटबंधाऱ्यांच्या नियोजनाला दिशा दिली. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळातली. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याखेरीज उद्योग वाढणार नाहीत आणि दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. वीज कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. आपली वाट तीच आहे.

आज हे सारे का आठवावे? विजेवरची बस रस्त्यात धूर सोडत नाही. पण महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग अजून कोळशातून येतो, आणि राख चंद्रपूर-कोराडीच्या बाजूला पडते. सौर विजेचा लाभ खरा आहे. २०१७ पासून राज्यात सौर कृषी वाहिनी योजना आहे. शेतीला दिवसा वीज मिळाली, तर रात्री साप-विंचवाच्या वाटेने पाणी धरायला जाणारा सालगडी वाचेल. तो बहुधा आपलाच भाऊ आहे. पण या प्रकल्पांसाठी सरकारी आणि गायरान जमिनी दिल्या जात आहेत. कागदावर ‘रिकामी’ असलेली ही जमीन कुठे भूमिहीनाने नांगरलेली असते, कुठे तिच्यावर त्याच्या शेळ्या चरत असतात. अशाच पडीक जमिनींसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये माणसांनी तुरुंग भरले होते. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्यांची नातवंडे पुन्हा हिशेबाबाहेर राहणार काय?

प्रकल्प अडवा, असे मी म्हणत नाही. कसणाराच्या वहिवाटीची नोंद आधी करा, भाड्यात त्याचा वाटा ठेवा, कामावर त्याच्या मुलांना घ्या, एवढेच मागणे आहे. कार्यकर्त्या मित्रांनी आणि शिक्षकांनी आपल्या गावच्या गायरानाचा उतारा काढावा, तिथे कोण कसतो त्याची यादी करावी आणि ठराव होण्यापूर्वी ग्रामसभेत उभे राहावे. मुळशीला बलुतेदाराच्या नावाची यादी कोणी केली नव्हती.