नांगराची जमीन, कुदळीची जमीन

माझी आजी टोकावड्यात नांदली, पण अखेरपर्यंत स्वतःला संस्थानातली म्हणवत राहिली. तिचं माहेर जव्हारच्या मुकणे राजांच्या मुलखातलं. आमचा मुरबाड तालुका म्हणजे तिच्या लेखी 'खालसा'. इंग्रजांचा थेट अंमल असलेल्या मुलखाला तेव्हा सगळेच तसं म्हणत, पण तिच्या तोंडी त्या शब्दाला धार असायची. खालशातली वरईसुद्धा तिला गोड लागली नाही.

नागलीची भाकर थापता थापता ती राज्य कसं मिळालं ते सांगायची. जयबा मुकण्यानं वारली नाईकाकडं बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नाईक हो म्हणाला. जयबानं कातड्याची बारीक वादी काढली आणि तिनं अख्खा डोंगरच वेढला. मग वारल्याचं काय? त्याला गंभीरगडाकडचा मुलूख दिला, हे ती आवर्जून सांगायची, कारण माझा जीव त्या वारल्यात अडकलेला असायचा. कार्थेजच्या डायडो राणीचीही अशीच गोष्ट आहे, हे मी कॉलेजातून येऊन सांगितलं, तर म्हणाली, "असंल. तिनं आमचेकडनंच ऐकली असंल."

जयबाच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या सुलतानानं राजा मानलं ते ५ जून १३४३ रोजी. त्या दिवसापासून जव्हारनं स्वतःचा शकच सुरू केला आणि पुढं इंग्रजी अमदानीतही संस्थानच्या कागदांवर तो घातला जाई. एवढंसं राज्य, जेमतेम तीनशे चौरस मैलांचं, तेही डोंगर-जंगलाचं. पण सालं मोजायची ती स्वतःची.

जमिनीचा हिशेबही तसाच. डोंगराळ भागात सारा ठरायचा तो नांगरावर आणि कुदळीवर. बैलजोडी असेल त्याचा नांगर धरायचा, नसेल त्यानं उतारावर राब भाजून कुदळीनं नागली लावायची आणि कुदळीपुरतं द्यायचं. जमीन किती, यापेक्षा माणसाच्या हातून कसवते किती, हे पाहिलं जाई. खालशात साखळी आली, सर्व्हे नंबर आले, हद्दीचे दगड आले. आजोबा त्या दगडांवर विश्वास ठेवणारे, आजी नाही. त्यावरून दोघांची भांडणं मला अजून आठवतात, शब्द मात्र निम्मे विसरलो.

डोंगरातल्या माणसाला मोजणीचं भय जुनंच. आमच्या नाणेघाटाच्या वर, शिवनेरीवर, महादेव कोळ्यांचा चौथरा आहे. बहामनी काळात मावळातले कोळी नाईक आपापली खोरी आपणच सांभाळत. मोगलांनी जमीन मोजून नवा सारा लादला तेव्हा ते उठले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यावर त्यांची तिथं कत्तल झाली. आजोबा तो चौथरा दाखवताना पायातलं काढून उभे राहत.

संस्थानात सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. राजा आपल्या जातीचा, महादेव कोळी, म्हणून आजीला अभिमान, पण वेठीचा विषय निघाला की ती चुलीतली लाकडं मागंपुढं करायची. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या मागं वारली उभे राहिले ते वेठीविरुद्ध.

१९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढं मतं मागून लोकसभेत गेले. आजीच्या भावांची वरकस, कुदळीची जमीन कागदावर जंगल ठरली. पिढ्यान् पिढ्या कसणारे अतिक्रमणदार झाले. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांत, कागद नसेल तर गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून धरावा, असं लिहिलं आहे. आजी तोवर गेली होती. ग्रामसभेत तिचा धाकटा भाऊ उठला आणि कुणाची कुदळ कुठल्या सादड्यापासून कुठल्या ओहळापर्यंत चालायची ते त्यानं सांगितलं. कारकुनानं ते सगळं लिहून घेतलं.