खाकीतला माणूस कोणाचा?

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर लोक जमतात. १९४३ साली याच दिवशी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथल्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी शहीद झाले. भाई, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचे. वकील झालेले, आदिवासी-शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या काढणारे. बेचाळीसच्या आंदोलनात ते भूमिगत झाले, आझाद दस्ता उभा केला. मुंबईला वीज नेणारे मनोरे त्यांच्या दस्त्याने पाडले. आमच्या भागातल्या पोराटोरांना हा इतिहास तोंडपाठ आहे, आणि हॉल या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचं नावही.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या मोठ्या मामूंना घेऊन तिकडे गेलो होतो. मामू आधी फौजेत होते, मग पोलिसांत. निवृत्तीनंतर मुरबाडला राहतात. भाषणं चालू असताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "हॉलचं नाव सगळे घेतात बेटा. त्याच्या मागे डोंगर चढणारे शिपाई कोण होते? ते तर आपलेच असतील ना?"

मी इतिहास शिकवतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आपण मुसलमान लोक फौजेचा विषय निघाला की दोन-तीन नावं घेतो. ब्रिगेडियर उस्मान, हवालदार अब्दुल हमीद, आणि पार मागे जायचं तर पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी. ही नावं घेताना आवाज थोडा चढतो, जणू कोणीतरी दाखला मागितलाय. पण मराठी मुसलमानाची फौजेतली खरी गोष्ट साध्या शिपायांची आहे. इंग्रजांच्या काळात मराठा पलटणींत मराठ्यांच्या बरोबरीने 'दख्खनी मुसलमान' भरती होत. एकाच पलटणीत, एकाच मराठी बोलीत कवायत. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होत्या. कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी त्यांना जवळजवळ पाच महिने वेढलं. अन्न संपलं, घोडे कापून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली.

जरा विचार करा. समोर तुर्कांची फौज, म्हणजे ज्याच्या नावाने कित्येक मशिदींत खुतबा पढला जाई त्या खलिफाची फौज. खलिफाने १९१४ मध्येच जिहादचं आवाहन केलेलं. मागे इंग्रज साहेब. आणि मध्ये दख्खनच्या एखाद्या खेड्यातला, दुष्काळाला कंटाळून भरती झालेला पोरगा. तो कोणाचा होता? खलिफाचा, बादशहाचा, की घरी मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या आईचा?

मामूंना मी हे सांगितलं तर हसले. म्हणाले, "आईचा. आम्ही सगळे आधी आईचेच असतो. हुकूम नंतर येतो."

मामू १९६९ ला भरती झाले, ड्रायव्हर म्हणून. एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या सीमेवर दारूगोळ्याचे ट्रक चालवले. पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन आले आणि माजी सैनिकांच्या कोट्यातून पोलिसांत लागले. नेमणूक भिवंडीत.

भिवंडीचं नाव तेव्हा कसं होतं ते चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. १९७० ची दंगल, १९८४ ची दंगल. सत्तरच्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवलं होतं. अशा गावात मुसलमान हवालदार. मामू सांगतात, "मोहल्ल्यातले म्हणायचे, हा सरकारचा. बाहेरचे म्हणायचे, हा त्यांचा. लाठी हातात, आणि माणूस कोणाचाच नाही."

मग १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. प्रत्येक वस्तीत हिंदू-मुसलमान सारख्या संख्येने, साधी माणसं, पुढारी नव्हेत. त्यांच्यासोबत पोलीस बसायचे. नळावरचं भांडण, गटाराचा वाद, पोरांची मारामारी, सगळं तिथेच मिटवायचं. मामूंच्या मते खरा बदल लोकांपेक्षा पोलिसांत झाला. "आधी आम्ही वस्तीत जायचो ते फक्त पकडायला. आता चहा प्यायला जायला लागलो. ज्याच्या घरचा चहा प्यायला, त्याच्यावर डोळे मिटून लाठी चालत नाही."

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरात आणि जानेवारीत मुंबई जळाली. शेजारची भिवंडी, दंगलीसाठी बदनाम झालेली भिवंडी, शांत राहिली. त्या रात्री मामू गल्लीच्या तोंडाशी उभे होते. एका बाजूला कमिटीतले एक मारवाडी दुकानदार, दुसऱ्या बाजूला यंत्रमागावरचा एक अन्सारी कारागीर. पहाटेपर्यंत तिघे बसून राहिले. त्या रात्रीबद्दल मामूंना कुठलं पदक मिळालं नाही. जे घडलंच नाही, त्याचं पदक कोण देणार?

सिद्धगडावरून उतरताना मी त्यांना विचारलं, "मामू, त्रेचाळीसमध्ये तुम्ही हॉलच्या मागे असता तर?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झूठ कशाला बोलू? चढलो असतो डोंगर. हुकूम होता, पगार होता, घरी पोरं होती. गोळी झाडली असती का, ते अल्लाला माहीत."

मला हे उत्तर कुठल्याही भाषणापेक्षा प्रामाणिक वाटलं. वर्दी तीच असते, त्रेचाळीसची आणि ब्याण्णवची. वर बसलेला माणूस तिला डोंगरावर गोळी घालायला पाठवतो की गल्लीत चहा प्यायला, यावर पुष्कळ ठरतं. सगळंच नाही. थोडं शिपायावरही उरतं, आणि तेवढ्याचा हिशेब त्याला म्हातारपणी एकट्याला करावा लागतो.

तुमच्या घरात असा कोणी निवृत्त फौजी किंवा पोलीस असेल तर त्यांच्याजवळ बसा. पदकं विचारू नका. ज्या रात्री काहीच घडलं नाही, त्या रात्रीबद्दल विचारा आणि लिहून ठेवा.