हरपलेल्या वाणीचा शोध

अर्धांगवायूने वाचा गेलेला मनुष्य घरात असला, म्हणजे समाचारास येणारा पाहुणा त्याच्याशी मोठमोठ्याने बोलू लागतो. जणू बिघाड कानातच आहे! कोणी म्हणतो, जीभ जड झाली. ही समजूत फार चिवट आहे, आणि एकेकाळी उपचार करणारेही तिच्यातून सुटले नव्हते.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्ञ नावाचा रुग्ण २१ वर्षे होता. त्याच्या तोंडून 'तां' एवढाच उच्चार निघे, म्हणून सारे त्याला त्याच नावाने ओळखीत. १८६१ च्या एप्रिलात तो वारला व पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला. इजा डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागात आढळली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके याने निराळेच रुग्ण वर्णिले: बोलणे अस्खलित, पण अर्थहीन, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे.

येथवर झाले ते निदान. उपचाराचा मार्ग दाखविला तो, आमच्या मते, अलेक्सांदर लूरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात उरल प्रदेशातील रुग्णालयात मेंदूस जखमा झालेले सैनिक त्याच्यापुढे आले. केवळ 'माझ्यामागून म्हणा' असे घोकवून भागेना. एकाला जवळजवळचे ध्वनी वेगळे ओळखता येत नसत. दुसऱ्याला शब्द ठाऊक असून वाक्य जुळत नसे. पहिल्याला जिभेची कसरत देऊन काय लाभ? दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांसाठी लूरिया व त्स्वेत्कोवा यांनी पुढे साधी युक्ती योजिली: मेजावर कोऱ्या चिठ्ठ्या मांडावयाच्या, एका शब्दास एक. चिठ्ठीवर बोट ठेवीत रुग्ण वाक्य उभारी. मोडलेला दुवा नेमका कोणता, हे हुडकल्यावाचून अशी युक्ती सुचत नाही. वाचोपचारकास मेंदूचे मानसशास्त्र शिकवावे असा आमचा आग्रह आहे तो याचसाठी.

मात्र मेंदूचा नकाशा पाठ केला म्हणजे काम झाले, असे कोणी समजू नये. ब्रोकाने जपून ठेवविलेल्या मेंदूंच्या प्रतिमा २००७ साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा इजा त्याने वर्णिल्याहून बरीच खोलवर गेलेली दिसली.

लूरियाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली शेबालिन या संगीतकाराची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या आघातांनी त्याचे बोलणे व समजणे फार खालावले होते. तरीही त्याने १९६२ साली आपली पाचवी सिंफनी पुरी केली.