कॅमेरा कोणाच्या हाती? : लॉस एंजेलिसच्या एका वर्गाचा इतिहास



गेल्या वर्षी स्नेहसंमेलन आटोपल्यावर मंडपातल्या खुर्च्या आवरताना दहावीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, सिनेमा शिकवणाऱ्या कॉलेजात आपल्यासारख्यांना घेतात का?" संमेलनाचे सारे चित्रीकरण त्याने थोरल्या भावाच्या मोबाइलवर केले होते आणि ते खरोखर चांगले झाले होते. "मार्क पडले तर घेतात," असे काहीतरी मी बोलून गेलो. उत्तर खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते, हे घरी जाताना माझे मलाच जाणवले. दार उघडे असणे वेगळे आणि कोणी हात धरून आत नेणे वेगळे. मी पडलो इतिहासाचा शिक्षक. उत्तर शोधायचे म्हणजे मागेच जाणे आले. तसा मागे जाता जाता मी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात एकेकाळी भरणाऱ्या एका वर्गापर्यंत पोहोचलो. त्याची हकीकत आज आपणांपुढे ठेवीत आहे.

लॉस एंजेलिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हॉलिवूड येते. परंतु त्याच शहरात वॉट्स नावाची त्या काळी कृष्णवर्णीय कामगारांची असलेली वस्ती आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये तेथे पोलिसांनी एका तरुण मोटारचालकाला अडवले, बाचाबाची झाली, जमाव जमला आणि पुढे सहा दिवस जाळपोळ, लूट आणि गोळीबार चालू राहिला. ३४ माणसे प्राणास मुकली. सारी अमेरिका हे घरबसल्या टेलिव्हिजनवर पाहत होती. एका स्थानिक केंद्राने तर हेलिकॉप्टरमधून थेट प्रक्षेपण केले. वाचकहो, ही गोष्ट क्षणभर मनात घोळवून पाहा. कॅमेरा आकाशात आहे. त्याला जळती दुकाने दिसतात, पळणारी माणसे दिसतात, पण वस्तीतल्या घरांत चूल पेटली की नाही हे वरून दिसत नाही. घरातून चित्रण करील असा कॅमेरावाला त्या वस्तीत जवळजवळ नव्हताच.

१९६७ साली डेट्रॉइट, नेवार्क वगैरे शहरांतही दंगली झाल्या, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष कर्नर यांच्या नावाने तो ओळखला जातो. १९६८ च्या आरंभी त्याचा अहवाल आला. त्यात एक सबंध प्रकरण वृत्तपत्रे आणि टेलिव्हिजन यांवर होते. देशातील वृत्तव्यवसायात संपादकीय कामावर असलेल्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी लोक कृष्णवर्णीय आहेत, असे त्यात स्पष्ट नोंदवले होते. गोऱ्या माणसाच्या नजरेने पाहिलेले जगच तेवढे छापले व दाखवले जाते, असा आयोगाचा ठपका होता. सरकारी अहवाल बहुधा कपाटात जातात. या अहवालाने निदान काही खिडक्या किलकिल्या केल्या.

सिनेमाच्या धंद्यात तर दार आणखी घट्ट बसलेले होते. हॉलिवूडमध्ये कॅमेरा, ध्वनी, संकलन या प्रत्येक कामाची युनियन होती आणि नोकरी देताना अनुभवी कामगारांची यादी पाहिली जाई. यादीत नाव असेल तर काम, आणि आधी काम केले असेल तर यादीत नाव! बापाने मुलाला, मामाने भाच्याला आत घ्यावे अशीच रीत पडलेली. मार्च १९६९ मध्ये सरकारच्या समान रोजगार आयोगाने लॉस एंजेलिस येथे सुनावणी घेतली तेव्हा हा प्रकार चव्हाट्यावर आला. कायद्याने कोणाला मज्जाव नव्हता, तरीही बाहेरचा माणूस आत शिरू शकत नव्हता. माझ्या दहावीतल्या मुलाला मी दिलेले उत्तर मला येथे पुन्हा आठवले.

अशा वेळी काही माणसांनी काय केले असेल? विल्यम ग्रीव्ह्ज यांचे उदाहरण पाहा. १९२६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेला हा नट. पडद्यावर मिळत त्या भूमिका हलक्या, आणि दिग्दर्शन शिकू म्हटले तर कोणी उभे करीना. शेवटी १९५२ मध्ये ते देश सोडून कॅनडात गेले आणि तेथल्या नॅशनल फिल्म बोर्डात हरकाम्यापासून आरंभ करून संकलन, ध्वनी, दिग्दर्शन शिकले. १९६८ साली अमेरिकेच्या सार्वजनिक टेलिव्हिजनवर 'ब्लॅक जर्नल' हा कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रम कृष्णवर्णीयांचा, पण निर्माता गोरा, म्हणून तेथल्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवले. त्यानंतर ग्रीव्ह्ज यांच्याकडे सूत्रे आली. १९७० मध्ये कार्यक्रमाला एमी पारितोषिक मिळाले. त्यांच्या हाताखाली सेंट क्लेअर बॉर्न, मॅडलिन अँडरसन यांच्यासारखे माहितीपटकार काम करीत होते. स्वतःला जे शिकण्यासाठी परदेश गाठावा लागला, ते पुढच्यांना घरच्या घरी मिळावे, एवढे त्यांनी पाहिले.

आता मूळ वर्गाकडे वळू. लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, चित्रपटाचे शिक्षण देणारा नामांकित विभाग होता. शहर नाना वंशांचे, पण विभागातले विद्यार्थी जवळजवळ सगळे गोरे. मार्च १९६८ मध्ये शहराच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या हजारो शाळकरी मुलांनी वाईट शाळांविरुद्ध वर्गाबाहेर पडून निषेध केला. त्या प्रकरणी खटला भरला गेलेल्या तेरा जणांपैकी एक मोक्तेसुमा एस्पार्झा हा तरुण याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. विद्यार्थ्यांची मागणी, बाहेरचे वातावरण आणि काही अध्यापकांची सदिच्छा यांतून प्रथम एक प्रायोगिक वर्ग आणि त्यातून 'एथ्नो-कम्युनिकेशन्स' नावाचा कार्यक्रम उभा राहिला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई आणि मूळ अमेरिकन (आपण ज्यांना रेड इंडियन म्हणत आलो ते) अशा चारही समाजांतील मुले त्यात हेतुपूर्वक घेण्यात आली. वर्गाचे प्रमुख होते एलिसिओ टेलर. चित्रपट विभागात त्या वेळी ते एकटेच कृष्णवर्णीय अध्यापक होते.

या वर्गाची शिकवण्याची तऱ्हा मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. व्याख्याने होतीच, पण मुलांच्या हाती यंत्रे लवकर पडत. यूसीएलएमध्ये पहिल्याच सत्रात प्रत्येकाने आपला स्वतःचा लहानसा चित्रपट करावयाचा असा प्रघात होता. आज एकाने कॅमेरा धरायचा, दुसऱ्याने ध्वनी, तिसऱ्याने दिवे. उद्या दुसऱ्याचा चित्रपट, तेव्हा कालचा दिग्दर्शक तार गुंडाळणार. यामुळे एकमेकांसाठी राबण्याची सवय लागली आणि ती पुढे वीस-वीस वर्षे टिकली. आपल्याकडे मुले वर्गात पहिली येण्यासाठी धडपडतात. तेथे दुसऱ्याचे काम पुरे होईतो आपलेही पुरे होत नसे.

चार्ल्स बर्नेट हा त्या मंडळींपैकी एक. १९४४ मध्ये मिसिसिपीत जन्मलेला आणि वॉट्समध्ये वाढलेला. आधी त्याने इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले, मग तो चित्रपटाकडे आला. यूसीएलएत त्याला बॅसिल राइट हे ब्रिटिश माहितीपटकार शिकवायला लाभले. १९३४ मध्ये श्रीलंकेच्या लोकजीवनावर 'साँग ऑफ सिलोन' करणारे तेच हे राइट. ज्यांचे चित्रण करायचे त्यांचा माणूस म्हणून मान राखायचा, हे आपण राइट यांच्यापासून शिकलो, असे बर्नेट सांगत आला आहे. पुढे तो टेलर यांचा साहाय्यक म्हणून नव्या मुलांना शिकवू लागला. म्हणजे विद्यार्थी अजून विद्यार्थी असतानाच गुरू झाला.

पदव्युत्तर पदवीसाठी त्याने 'किलर ऑफ शीप' हा चित्रपट केला. खर्च दहा हजार डॉलरहून कमी, चित्रण बहुतेक शनिवार-रविवारी, कलाकार पुष्कळसे वस्तीतलेच. नायक स्टॅन हा मेंढ्यांच्या कत्तलखान्यात कामाला आहे. आपल्या वस्त्यांतील कित्येक घरांना हा व्यवसाय काही अनोळखी नाही. तो दिवसभर राबतो, रात्री त्याला झोप लागत नाही. एका प्रसंगी तो आणि त्याचा मित्र पैसे जमवून मोटारीचे जुने इंजिन विकत घेतात, जिना उतरवून महत्प्रयासाने गाडीवर चढवतात, आणि गाडी हलताच इंजिन घसरून रस्त्यावर पडते, फुटते. दोघे मुकाट्याने निघून जातात. या चित्रपटात दंगल नाही, गोळीबार नाही. मुले छपरांवरून उड्या मारतात, पत्नी जुन्या गाण्यावर पतीबरोबर नाचू पाहते. हेलिकॉप्टरमधून जे दिसत नव्हते ते हेच. वस्तीतल्या मुलांना बर्नेटने चित्रीकरणाच्या कामातही ओढले होते, कारण सिनेमा ही आपल्या आवाक्याबाहेरची जादू नव्हे, हे त्यांनी हाताळून पाहावे अशी त्याची इच्छा होती.

चित्रपट १९७७ मध्ये पुरा झाला. १९८१ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात समीक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट ठेव्यात त्याची नोंद झाली. आणि चित्रपटगृहांत? तेथे तो रीतसर लागला २००७ साली, तीस वर्षांनी! कारण ऐकून हसावे की रडावे कळत नाही. विद्यार्थ्याने परीक्षेसाठी केलेला चित्रपट, त्यात वापरलेल्या गाण्यांचे हक्क घेतलेलेच नव्हते. पुढे ते मिळवायला सुमारे दीड लाख डॉलर लागले, म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरापट. कॅमेरा कसा धरावा हे वर्गात शिकवले गेले, पण तयार झालेला माल बाजारात कसा न्यावा हे शिकवणारे तेथे कोणी नसावे. ही मोठीच उणीव होती आणि ती जवळजवळ सर्वांनाच भोवली.

हाइले गेरिमा याची तऱ्हा निराळी. इथिओपियातील गोंदर येथे १९४६ मध्ये जन्मलेला हा तापट स्वभावाचा मुलगा नाटक शिकायला अमेरिकेत आला आणि यूसीएलएत पोहोचला. त्याच्या 'बुश मामा' या चित्रपटाच्या प्रारंभी पोलीस काही कृष्णवर्णीय तरुणांना अडवून झडती घेताना दिसतात. ते नट नव्हेत. चित्रीकरणाला निघालेल्या त्याच्याच साथीदारांना खऱ्या पोलिसांनी धरले होते, आणि कॅमेरा चालू होता. हातात महागडा कॅमेरा असलेला कृष्णवर्णीय तरुण म्हणजे संशयित, अशीच समजूत. या चित्रपटाच्या छायाचित्रणात बर्नेटचाही हात होता. १९७५ पासून गेरिमा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागला. गुलामगिरीवरचा त्याचा 'सांकोफा' हा चित्रपट १९९३ साली तयार झाला तेव्हा एकही वितरक मिळेना. मग त्याने शहरोशहरी चित्रपटगृहे भाड्याने घेऊन तो दाखवला. माणसे रांगा लावून आली. हॉवर्डमध्ये त्याच्याकडे शिकलेला ब्रॅडफर्ड यंग हा पुढे 'अरायव्हल' (२०१६) या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

आशियाई वंशाच्या मुलांत रॉबर्ट नाकामुरा हे वयाने जरा मोठे, शिक्षण घेतलेले छायाचित्रकार होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले, त्यात लहानगा नाकामुरा मांझानार येथील छावणीत होता. मोठेपणी कॅमेरा घेऊन तो त्याच ओसाड जागी परत गेला आणि 'मांझानार' हा छोटा चित्रपट त्याने केला. आईबापांनी ज्याविषयी घरात शब्द काढला नव्हता, ते मुलाने पडद्यावर आणले. १९७० मध्ये त्याने ड्वेन कुबो, एडी वाँग व ॲलन ओहाशी यांच्यासह 'व्हिज्युअल कम्युनिकेशन्स' ही संस्था काढली. ती आजही चालू आहे आणि आशियाई वंशाच्या नवोदितांना हाताशी धरते. एस्पार्झा पुढे निर्माता झाला. 'सेलेना' (१९९७) हा चित्रपट त्याच्या निर्मात्यांत त्याचे नाव दाखवतो.

मुलींच्या पालकांनी ज्युली डॅश हिची गोष्ट जरूर वाचावी. न्यूयॉर्कमध्ये वाढलेली ही मुलगी किशोरवयात हार्लेममधील एका संग्रहालयाच्या चित्रपट कार्यशाळेत शिकली आणि नंतर यूसीएलएत आली. 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा तिचा चित्रपट १९९१ साली पुरा झाला. आफ्रिकी-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेत सर्वत्र चित्रपटगृहांत लागलेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. त्यातल्या स्त्री-भूमिका पाहाव्यात. 'किलर ऑफ शीप'मधील पत्नी केसी मूर येथे आहे, 'बुश मामा'ची नायिका बार्बरा-ओ येथे आहे. वर्गबंधूंच्या चित्रपटांतील नट्या वर्गभगिनीच्या चित्रपटात. तारा गुंडाळण्याची जुनी सवय ती हीच. एवढे नाव होऊनही डॅशला पुढचा तसा मोठा चित्रपट हॉलिवूडने दिला नाही. टेलिव्हिजनवर तिने पुष्कळ काम केले.

मूळ कार्यक्रम मात्र काही वर्षांतच आटोपला. जो कार्यक्रम एकट्या अध्यापकाच्या खांद्यावर उभा असतो त्याचे बहुधा असेच होते. आपल्याही शाळांतून एका सरांची बदली झाली की विज्ञान मंडळ बंद पडते, हे आपण पाहतो. सुदैवाने टेलर यांनी घालून दिलेली वाट पुढे इथिओपियातून आलेले तेशोमे गॅब्रिएल यांनी २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच विद्यापीठात चालवली.

२०११ मध्ये यूसीएलएच्या चित्रपट संग्रहालयाने आपल्या या जुन्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे चित्रपट शोधून, दुरुस्त करून एक मोठा महोत्सव भरवला. २०१७ मध्ये बर्नेटला सन्मानाचे ऑस्कर मिळाले. २०२१ साली 'सांकोफा' पुन्हा लोकांपुढे आला, तो आव्हा डुव्हर्ने या दिग्दर्शिकेच्या वितरणसंस्थेमार्फत. ही डुव्हर्नेही यूसीएलएचीच पदवीधर.

दहावीतला तो मुलगा आता अकरावीला आहे. हे सगळे मी त्याला दोन संध्याकाळी बसून सांगितले. त्याने एकच विचारले, "सर, त्यांच्या वर्गात कॅमेरा घरी न्यायला मिळायचा का?" त्याच्या वडिलांना भेटायला मी येत्या रविवारी जाणार आहे.