कुंडींतलें उमे आणि माळ्याची निवड

ता. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, तिच्यापुढील प्रश्न मोठा असला तरी साधा होता. मुलाला पुस्तकाच्या मापाचें करावयाचें, कीं मुलाच्या उपजत शक्तीला अनुसरून शिक्षणाची आंखणी करावयाची? परिषदेनें मातृभाषा व हस्तव्यवसाय यांच्या बाजूनें कौल दिला. पुढें डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तपशील ठरविला आणि ‘वर्धा योजना’ हें नांव देशभर गाजलें. याच प्रश्नाचा विचार त्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें एका चिनी पंडितानें केला होता. त्याला निमित्त झालें तें मात्र कुंडींतल्या एका फुलझाडाचें.

हें झाड म्हणजे चिनी लोकांचें ‘मेइ’ व जपानी लोकांचें ‘उमे’. इंग्रजींत त्याला ‘प्लम’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें त्याचें जवळचें नातें आपल्या परिचयाच्या जर्दाळूशीं आहे. थंडी सरण्यापूर्वींच, पान नसलेल्या उघड्या फांदीवर त्याला सुगंधी फुलें येतात. प्रसंगीं त्या फुलांवर बर्फही पडतें. म्हणून चिनी कवींनीं व चित्रकारांनीं त्याला धैर्याचें व निष्ठेचें प्रतीक मानलें.

बाराव्या शतकांत फान चेंगदा नांवाच्या कवीनें राजसेवेंतून मोकळें झाल्यावर सूचौजवळील आपल्या बागेंत या झाडाच्या अनेक जाती लावल्या आणि त्यांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांत सुमारें डझनभर जातींचें वर्णन आहे. फूल किती मोठें यापेक्षां फांदी तिरपी, विरळ व कृश आहे कीं नाहीं, जुनें खोड कसें ओबडधोबड झालें आहे, याकडे रसिकांचें लक्ष असे, हें त्यानें नोंदवून ठेविलें. ही आवड उत्तम होती. परंतु रानांत जें काम वारा, थंडी व वय यांनीं करावयाचें, तें बाजारांत मागणी वाढल्यावर माळी कात्रीनें करूं लागले. सरळ शेंडा छाटावा, भरदार फांद्या तोडाव्या, उरलेल्या काथ्यानें बांधून वांकवाव्या, असा क्रम सुरू झाला.

सन 1839 मध्यें गोंग झिझेन या पंडितानें या रीतीवर एक लहानसा निबंध लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, त्यानें अशा झाडांच्या 300 कुंड्या विकत घेतल्या. त्यांतील एकही झाड धड नव्हतें. तीन दिवस तो त्यांसाठीं रडला. मग त्यानें सर्व कुंड्या फोडल्या, काथ्याचे बंध सोडले, झाडें जमिनींत लावलीं आणि पांच वर्षांत तीं पुन्हां निरोगी करण्याची प्रतिज्ञा केली. वाचकांनीं त्याचा रोख ओळखला. मांचू राजवटींत बुद्धिमान तरुणांची जी छाटणी चालली होती, ती त्यानें झाडाच्या मिषानें उघडी केली.

त्याच सुमारास जपानांत मितो प्रांताचा अधिपति तोकुगावा नारिआकि यानें 1841 सालीं ‘कोदोकान’ ही विद्याशाळा उघडली, आणि 1842 सालीं ‘काइराकुएन’ ही उमेची विस्तीर्ण बाग प्रजेच्याही उपभोगासाठीं निर्माण केली. शाळेच्या आवारांतही त्यानें हींच झाडें लावलीं. राजा अध्ययन करी तोंवर हें झाड फुले व त्यानें आळस केला कीं फुलणें थांबे, अशी एक जुनी चिनी आख्यायिका असून तीवरून उमेला ‘विद्याप्रिय वृक्ष’ असेंही नांव पडलें आहे. काइराकुएनमध्यें आज सुमारें 100 जातींचीं 3,000 झाडें आहेत.

मग कुंडीसाठीं यांतील कोणती जात घ्यावी? जपानी माळी उमेचे तीन वर्ग करतात. ‘याबाइ’ हा रानटी मुळाला जवळचा वर्ग होय. त्याची पानें लहान, डहाळ्या बारीक व सुगंध तीव्र असतो. ‘हिबाइ’ हा फुलांच्या रंगावरून नव्हे, तर फांदी कापल्यावर आंत दिसणाऱ्या तांबूस लांकडावरून ओळखतात. म्हणून पांढऱ्या फुलांचें झाडही त्या वर्गांत असूं शकतें. ‘बुंगो’ हा जर्दाळूशीं संकर झालेला; फूल मोठें, फळ मोठें, पण पान रुंद व फांदी जाड. नवखा मनुष्य फूल पाहून बुंगोवर भुलतो आणि पुढें आयुष्यभर त्याच्याशीं कात्रीनें भांडत बसतो. जाणता माळी बहुधा याबाइ निवडतो, कारण तें झाड मुळांतच बारीक बांध्याचें असल्यामुळें त्यावर जुलूम कमी करावा लागतो. फुलें ओसरल्यावर फांद्या आंखूड केल्या कीं नवे धुमारे फुटतात, आणि पुढच्या वर्षाचीं फुलें त्यांवरच येतात. याबाइंतच ‘ओमोइ-नो-मामा’ म्हणजे ‘मनाला येईल तसें’ या नांवाची एक जात आहे. तिच्या एकाच झाडावर पांढरीं व गुलाबी फुलें येतात, आणि कोणत्या फांदीवर कोणता रंग यावा हें माळ्याला ठरवितां येत नाहीं.

वर्ध्याच्या अंगणांत उमे रुजावयाचें नाहीं. त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते, आणि येथें तर मे महिन्यांत पारा 45 अंशांपलीकडे जातो. पण जुन्या वाड्यांच्या भिंतींतल्या फटींत चिमूटभर मातीवर उंबर आणि पिंपळ आपणहून वाढतात. कुंडींतलें तुटपुंजें जीवन त्यांना जाचत नाहीं. ज्यास हा छंद करावयाचा असेल त्यानें तेथूनच रोप घ्यावें. कात्री हातीं धरण्यापूर्वीं झाडाचा स्वभाव विचारावा, एवढाच या सात-आठ शतकांच्या इतिहासाचा बोध आहे. आणि 1937 सालीं वर्ध्यास जमलेल्या शिक्षकांनीं मुलांसाठीं याहून वेगळें कांहीं मागितलें नव्हतें.